वरच्या फळीवरची भांडी

भांडी घासायचा मला मनस्वी कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला गुणी मुलगी समजून बसायला नको. अंबरनाथच्या आमच्या चाळीत दारापुढेच मोरी होती. तिच्यावर मी राखेचा डबा, नारळाची शेंडी आणि कपाळावर आठ्या घेऊन बसत असे. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांची पाळी बदलली की घराचं घड्याळही बदलायचं. पहिली पाळी असली की भोंगा व्हायच्या आत आईच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत, आणि ते थापणं हाच माझा गजर. दुसरी पाळी असली की दुपारी सुकटीची चटणी, कांदा, आणि हात पुसत पुसत शेअर रिक्षा पकडायला धावणारे बाबा. या सगळ्याच्या शेवटी खरकट्याचा ढीग आणि त्या ढिगामागे मी. पण त्या ढिगाचे माझ्यावर उपकार आहेत. मी वाचायला शिकले ती बालवाडीत नव्हे, मोरीवर. आमच्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घ्यायची पद्धत. दुकानदार यंत्राची सुई टेकवून घर्रघर्र करत टिंबाटिंबांची अक्षरं उमटवायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं अक्षर 'सौ.' हे होतं आणि ते एका पातेल्याच्या काठावर होतं.

आता आमच्या मांडणीविषयी सांगायला हवं. खालच्या फळ्यांवर आमची भांडी असत, आईच्या नावाची. वरच्या फळीवर मात्र लोकांची. शिंद्यांचं पातेलं, सावंतांची परात, राण्यांचा डबा. सणासुदीला शेजारणी आमच्याकडे काही ना काही पाठवत, फराळ, करंज्या, गणपतीचे मोदक. राणेकाकूंची मोठी मुलगी नंदाताई डबा घेऊन दारात यायची आणि पाठ केल्यासारखं म्हणायची, "आईने सांगितलंय, भांडं असू दे." मी लहान होते, तेव्हा मला वाटायचं, काय उदार लोक आहेत! फराळही देतात आणि वर डबाही देतात. आई तो डबा घासूनपुसून काकूंकडे न्यायची, काकू दारातूनच म्हणायच्या, "अगं शांता, राहू दे गं, घाई काय आहे?" आणि डबा परत आमच्याकडे. चौदा एप्रिलच्या जयंतीला आईने केलेली खीर मात्र आमच्या वाटीतून त्यांच्याकडे जायची आणि वाटी लगेच परत यायची, स्वच्छ धुतलेली. खीर कुठे गेली, ते आईने कधी विचारलं नाही.

त्या भांड्यांत आई कधी काही शिजवायची नाही, साधं पाणीही भरून ठेवायची नाही. दिवाळीच्या आधी ती सगळी खाली उतरवायची, मला घासायला लावायची आणि पुन्हा वर रचायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "वापरत नाहीस तर घासायची कशाला? दिलीत ना त्यांनी आपल्याला?" आई चुलीपुढून उठून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आपण खाल्लेलं भांडं त्यांच्या मांडणीवर चढत नाही. म्हणून ते सोडून देतात. पण मी घेतलंय का? मी नाही घेतलं. ते त्यांचंच आहे. न्यायला येतील तेव्हा त्यांना ते चकचकीत दिसलं पाहिजे." मला इतका राग आला की मी राण्यांचा डबा मोरीवर आपटला. त्याच्या बुडाला जरा पोचा आला. आईने तो उचलला, पोचा बघितला आणि पुन्हा माझ्याच हातात घासायला दिला.

राणे बदलापूरला राहायला गेले तेव्हा मी सातवीत होते. नंदाताईचं लग्न होऊन ती तेव्हा उल्हासनगरला गेलेली होती. सामान टेम्पोत चढत होतं आणि आई तो डबा पदराने पुसत टेम्पोपाशी उभी होती. काकू म्हणाल्या, "अगं, ठेव तुलाच. तुला उपयोगी पडेल." टेम्पो गेला. आई डबा घेऊन घरात आली आणि स्टुलावर चढून तो तिने जागच्या जागी ठेवला. त्या दिवशी ती भाजीत मीठ घालायचं विसरली.

डी.एड. झाले तेव्हा सरकारी भरती बंद होती. नोकरीसाठी मी चपला झिजवल्या आणि शेवटी उल्हासनगरच्या एका छोट्या इंग्रजी शाळेत चिकटले. तिसरीच्या मिस बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यांच्या जागी. माझं सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी मी वाचून वाचून कमावलेलं, त्यामुळे लिहायला पक्कं आणि बोलताना जिभेवर अडखळणारं. बाबांनी मात्र कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटून सांगून टाकलं होतं की आमची पोरगी इंग्लिश मीडियममध्ये मिस आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका मोटवानी मॅडम उंच, गोऱ्या, आणि बोलण्यात काटकसरी होत्या. तिसरीच्या मुलांनी लिहिलेले 'माय फॅमिली' हे निबंध पालकांच्या हातात पडले आणि मॅडमनी मला बोलावून घेतलं. मुलांनी जिथे म्हणून एस दिसला तिथे तिथे अपॉस्ट्रफी टाकली होती. फोडणीत मोहरी टाकावी तशी. 'बस'ला होती, 'ग्लास'ला होती, 'बनानाज'ला तर होतीच. "पेरेंट्स बोलते हैं, मराठी मीडियम की मिस है, इसको खुद को नहीं आता," मॅडम म्हणाल्या. "शनिवार को पेरेंट्स पीछे बैठेंगे, तू सामने पढ़ा. यही अपॉस्ट्रफी पढ़ा. जम गया तो क्लास तेरी, पक्की. नहीं जमा तो मैं दूसरी मिस देखूँगी."

मी मनाशी ठरवलं, शिकवून दाखवणारच. आधी मी नियम फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले. मुलं खणखणीत आवाजात नियम म्हणायची आणि लगेच पुढच्या ओळीत चुकायची. त्या चिन्हाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं, 'ऊपरवाला कॉमा'. पहिल्या बाकावरच्या जतीनने मला अगदी काळजीने विचारलं होतं, "मिस, वो इतना ऊपर लटकता है, गिरेगा नहीं?" मी हसले, पण घरी येताना रिक्षात पुन्हा चुकलेल्या वह्याच चाळत बसले. आज माझी नात टॅबवर टाईप करते आणि तो कॉमा आपोआप येऊन बसतो. तिला त्याचं काहीच वाटत नाही. मी मात्र अजूनही तो पडद्यावर दिसला की जरा सावरून बसते.

वाट सापडली ती पुन्हा मोरीवरच. मी भांडी घासत होते आणि आई आतून सांगत होती, "शिंद्यांचं पातेलं वेगळं ठेव. सावंतांची परात पालथी घाल." माझ्या लक्षात आलं, आई नुसतं 'पातेलं' कधी म्हणतच नाही. आधी मालक, मग वस्तू. आणि माझी मुलं? ती मालक शोधतच नव्हती, नुसता एस शोधत होती. मी साबणाच्या हातांनीच आत गेले आणि म्हटलं, "आई, शनिवारी मला वरच्या फळीवरची भांडी दे. शाळेत न्यायचीत." आई म्हणाली, "आपली ने की." मी म्हटलं, "आपल्या सगळ्यांवर तुझंच नाव. एका मिनिटात धडा संपेल. मला वेगवेगळे मालक पाहिजेत." आईला ते पटलं, पण तिचा जीव खालीवर होत होता. "लोकांची आहेत ती. एकही इकडेतिकडे होता कामा नये," असं म्हणत तिने ती जुन्या लुगड्यात बांधून दिली. शनिवारी ते बोचकं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "ताई, बोहारणीचा धंदा चालू केला काय?" मी म्हटलं, "शाळेत चाललेय, नीट चालव."

वर्गाच्या मागच्या बाजूला पालक बसले होते. दुकानं नोकरांवर सोडून आलेले बाप, जीन्सच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन आलेल्या आया, आणि दाराशी खुर्ची टाकून मोटवानी मॅडम. मी बोचकं सोडलं, भांडी टेबलावर मांडली, आणि मुलांचे डोळे मोठे झाले. चार मुलांना मी पुढे उभं केलं. एकाच्या हातात मालकाच्या नावाचा पुठ्ठा, दुसरा डोक्यावर लाल कागदाचा कॉमा धरून, तिसऱ्याच्या छातीवर एस, चौथ्याच्या हातात भांडं. "हूज वेसल इज धिस?" मी विचारायची, मुलं भांड्यावरचं नाव अडखळत वाचायची, मग मालक पुढे यायचा, त्याच्या मागे कॉमा, मग एस. मध्येच मी जतीनच्या हातात चमच्यांचा जुडगा दिला, 'स्पून्स'. कॉमावाला पोरगा सवयीने धावत आला आणि अख्खा वर्ग ओरडला, "नो! गो बॅक!" तो गोंधळून थांबला. मी विचारलं, "चम्मच का क्या है? चम्मच किसी चीज़ के मालिक हैं?" "नहीं, मिस, चम्मच बस बहुत सारे हैं!" मागे एक बाप मोठ्याने हसला. मुलं फळ्यावर येऊन लिहू लागली आणि बरोबर लिहू लागली. तेव्हा मला जे वाटलं ते सांगते, मला नाचावंसं वाटलं.

एक आई उशिरा आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. तिची मुलगी ईशा माझ्या वर्गातली, शांत, दोन वेण्या घालणारी. तिची पाळी आली तेव्हा टेबलावर एकच भांडं उरलं होतं. ईशाने ते फिरवून नाव वाचलं, "सौ. सुलोचना विठ्ठल राणे." मग तिने मान वर केली. "मिस, ये तो मेरी नानी का नाम है!" मी भिंतीकडे पाहिलं. ती नंदाताई होती. ईशाने कोणाला काही न विचारता खडू घेतला, फळ्यावर 'नानी' लिहिलं, वर कॉमा, मग एस, मग 'डबा'. बिनचूक. मग माझ्याकडे वळून तिने साधेपणाने विचारलं, "मिस, नानी का डबा आपके पास क्यूँ है?"

मी सहज म्हणू शकत होते की नानी विसरून गेली. सगळे हसले असते, धडा संपला असता, वर्ग माझा झाला असता. पण तो डबा माझ्यासमोर होता. आईने इतकी वर्षं माझ्याकडून घासून घेतलेला, चकचकीत. आणि मी आतून पेटले होते, हे लपवत नाही. मी म्हणाले, "नानी ने इसमें हमारे घर फराळ भेजा था. मेरी माँ डबा लौटाने बहुत बार गयी. नानी ने वापस नहीं लिया."

"क्यूँ?"

"क्यूँकि हमने उसमें से खाया था."

ईशा विचारात पडली. "पर खाने के लिए ही तो भेजा था ना?"

मागे कोणीतरी खाकरलं. जतीनला मात्र धड्याचीच पडली होती. तो म्हणाला, "मिस, तो अब डबा किसका है?" मी त्या पोराची जन्मभर ऋणी आहे. मी म्हटलं, "नानी का. इतने साल हमारे घर रहा, फिर भी नानी का. देखो, ईशा ने बिलकुल ठीक लिखा है." मग मी मुलांकडून ती ओळ वहीत उतरवून घेतली. मी प्रत्येक बाकापाशी जाऊन प्रत्येकाचा कॉमा तपासला. नंदाताई ईशाचा हात धरून निघाली, ईशाने डबा छातीशी धरला होता. एक पालक जाता जाता मॅडमना ऐकू जाईल असं बोलला, "पढ़ाने आयी है कि घर के झगड़े निकालने?"

ऑफिसात मॅडमनी मला बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजले. "पढ़ाया अच्छा," त्या म्हणाल्या. "मैंने इतने साल में ऐसा नहीं देखा. पर वो बात क्यूँ बोली? उस लड़की की माँ ने कम्प्लेंट की तो मैं तुझे नहीं रख सकूँगी. सोमवार को वो आएगी तो सॉरी बोल दे. दो मिनट की बात है."

"मॅडम, मैंने बच्ची के सवाल का जवाब दिया. सॉरी किस बात का?"

"नौकरी चाहिए कि नहीं?"

"चाहिए. सोमवार को आऊँगी और क्लास में जाऊँगी. आप निकालोगे तब तक पढ़ाऊँगी." एवढं बोलून मी उठले.

घरी बाबांनी डोक्याला हात लावला. "कशाला बोलायचं गं? पोटावर पाय आणलास स्वतःच्या," ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. कारखान्यात आता कोणत्या तोंडाने सांगणार, ही त्यांची काळजी मला कळत होती आणि मला रडू येत होतं. आईने भांडी बोचक्यातून काढून एकेक करून वर रचली. राण्यांच्या डब्याची जागा मोकळी राहिली. तिने त्या जागेवर हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "नेला ना त्यांनी? नक्की नेला?" मी हो म्हटलं. रविवारी मी बसून सोमवारचा धडा तयार केला, पुढचा, जिथे मालक एकापेक्षा जास्त असतात. तो अवघड असतो आणि तो अर्धवट सोडून जायची माझी तयारी नव्हती.

सोमवारी प्रार्थना संपायच्या आत ऑफिसातून बोलावणं आलं. नंदाताई मॅडमच्या समोर बसली होती. रात्रभर झोपली नसावी. मला पाहून ती उभी राहिली आणि मराठीत बोलली. "तू शांतामावशीची ना? मी ओळखलंच नाही तुला. ते डबे पोचवायला मीच यायचे. 'भांडं असू दे' हे मीच म्हणायचे तुझ्या आईला. घोकून यायचे जिन्यात, चुकू नये म्हणून." मला तिची दया येत नव्हती, हेही लिहून ठेवते. ती म्हणाली, "शनिवारी तशीच बदलापूरला आईकडे घेऊन गेले डबा. तिने हात लावला नाही. म्हणाली, टाकून दे बाहेर. ईशा विचारत राहिली, का, नानी, का? आईला उत्तर देता आलं नाही गं. तू दिलंस तेवढंही देता आलं नाही." मग ती मॅडमकडे वळली. "मॅडम, मेरी कोई कम्प्लेंट नहीं है. मेरी लड़की इसी मिस के पास पढ़ेगी. ये मिस नहीं रहेगी तो मैं लड़की को निकाल लूँगी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "सुना ना? क्लास में जा. बच्चे चिल्ला रहे हैं." कायमची नोकरी मला अशी मिळाली, पाठीमागून ढकलल्यासारखी. त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत ईशाने राण्यांचा डबा उघडला. आत तिखटमीठ लावलेल्या पुऱ्या होत्या. "मम्मी ने कहा है, मिस को पहले देना," ती म्हणाली. मी दोन घेतल्या आणि तिच्या बाकावर तिच्याशेजारी बसून खाल्ल्या. पुऱ्या जरा वातड होत्या.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. आई दारातच बसली होती, मला बघून उठलीही नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. नंदाताई, मॅडम, नोकरी, पुऱ्या. नोकरीचं ऐकून तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराने पुसले. मग ती आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. मी आत गेले तर शिंद्यांचं पातेलं, सावंतांची परात, सगळं जमिनीवर मांडलेलं होतं आणि आई एकेकावरच्या नावावरून बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणतं कोणाचं हे ती बोटाने ओळखायची.

"नोकरी पक्की झाली ना आता?" तिने विचारलं.

"हो."

"मग शिंद्यांची, सावंतांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात, त्याची चौकशी कर."